जुन्या बाजारातले पणजोबा

आधीच सांगून टाकतो, मी क्वालिटीत काम करतो. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. गेजमध्ये बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट... तिसरं काही नसतं, असं मी नोकरीला लागल्यापासून मानत आलोय. या सदरात लोक लिहितात ना — घाटात बाई दिसली, विहिरीतनं हाक आली — ते मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि हसतो. गेल्या आठवड्यात ती वैतागून म्हणाली, "एवढं हसताय, तर आपल्या घरचं का लिहून पाठवत नाही?" म्हणून हे लिहितोय. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. निम्म्या गोष्टीला मीसुद्धा हसतो. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हा आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत भाड्यानं राहायचो. खाली कोचिंग क्लास, पहिल्या मजल्यावर आम्ही आणि समोर शिवलीलाक्का, वर गच्ची. मोबाईल नुकते आले होते, इनकमिंगलाही पैसे पडायचे, त्यामुळं सगळं गाव एकमेकांना मिस्ड कॉल देण्यात दंग होतं. घरात आम्ही चौघं. वडील — त्यांना आम्ही आबा म्हणतो — एका कचेरीत हेडक्लार्क. आई. मी. आणि धाकटी बहीण वैशाली, बीएस्सी, खालच्याच क्लासमध्ये विज्ञान शिकवायची.

वैशालीचं लग्न जमत नव्हतं. कुंडीवर हात ठेवून स्टुडिओत काढलेला तिचा फोटो सात घरं फिरून आला होता. सात वेळा पोहे झाले, सात वेळा "कळवतो" झालं. पोरगी शिकलेली, नाकीडोळी नीटस, सरळ. मग अडतंय कुठं? सातव्या वेळी कारण कळलं. मुलाचा काका आमच्या हॉलच्या भिंतीकडं बघून म्हणाला, "जुनं माणूस कोण दिसंना भिंतीवर?" भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि एक प्लास्टिकचं घड्याळ, तेही दहा मिनिटं मागं. चार दिवसांनी मध्यस्थ सांगत आला, "सगळं चांगलं हाय वो आबासाहेब, पण खानदान दिसंना म्हणाले."

आबांच्या मनाला ते फार लागलं. आमच्याकडं जुना फोटो नव्हता हे खरंच. आबांच्या आजोबांबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "लवकर गेले," आणि पेपर उघडायचे. त्यापुढं कधी एक अक्षर नाही. आम्हीही कधी खोदून विचारलं नाही. पेपरमागं गेलेल्या माणसाला काय विचारणार?

पुढच्या रविवारी आबा मला म्हणाले, "गाडी काढ, जुन्या बाजारात जायचंय." मला वाटलं, घड्याळ बदलायचं असेल.

बाजारात एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडं बुटाच्या खोक्यात जुने फोटो होते. आपल्यासारखे पातळ कागदाचे नव्हेत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तपकिरी पडलेले, कडेला सोनेरी रेघ. एकेका पुठ्ठ्यावर एकेक माणूस, ताठ उभा. विक्रेता बोलका होता. म्हणाला, "पावणं, पूर्वी माणसं एकमेकांच्यात गेली की असलं आपलं कार्ड द्यायची. दोस्तानं दोस्ताला, जावयानं सासऱ्याला. ती अल्बमात लावायची. पावणा आला की च्या होईस्तोवर अल्बम त्येच्या मांडीवर. ह्यो कोण, त्यो कोण, तुमच्यात कसा... घराची वट अल्बमावर कळायची."

आबांनी विचारलं, "ह्यातलं एखादं माणूस घरात लावलं तर कोण वळखंल का?"

"ह्यास्नी वळखणारी माणसं असती तर ही माझ्या खोक्यात आली असती व्हय?" विक्रेता म्हणाला.

मग आबा पणजोबा निवडायला बसले. मी बाजूला उभा राहून घामाघूम. पहिला उचलला — "ह्येचा डोळा तिरका हाय, पोरीत उतरलाय म्हणतील." दुसरा — "लईच देखणा हाय, माझ्याकडं बघून कोण विश्वास ठेवंल?" तिसरा खाली बसलेला होता, तर "बसलेला नको, उभा पाहिजे, घराण्यात रुबाब पाहिजे." शेवटी एक सापडला. डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधलेला, लांब कोट, छातीवर घड्याळाची साखळी, भरघोस मिशी, एक हात गोल टेबलावर आणि मागं खांबांचा रंगवलेला पडदा. कपाळावर तेवढा एक पांढरट आडवा पट्टा होता. विक्रेता म्हणाला, तिथं जरा फोटो उडालाय. आबा म्हणाले, चालतंय, माणूस दमदार हाय.

चंदनी रंगाची फ्रेम केली, हार घातला, आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला पणजोबा झाले. आई म्हणाली, "देव तरी बघतोय की नाही?" आबा म्हणाले, "देवाचा फोटो बघून कोण पोरगी करून घेत न्हाय."

ज्येष्ठात गारगोटीचं स्थळ आलं, आठवं. मुलगा तिथल्या शाळेत शिक्षक. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. सोबत मुलाचे वडील, अत्यंत शांत माणूस, आणि मुलाची थोरली आत्या हौसाबाई. त्या शांत नव्हत्या. आल्या आल्या पाणीसुद्धा न घेता त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"कोण हे?"

"आमचे आजोबा," आबा म्हणाले. एवढ्यावर थांबायचं होतं. पण इतके दिवस दाबून धरलेलं घराणं आबांच्या तोंडातून बदाबदा बाहेर आलं. दरबारात मान होता. दारात दोन घोडी होती. रोज सकाळी तालमीत जोर, आणि जेवायला मटण. "तांबडा रस्सा वाटीनं न्हाय, तांब्यानं प्यायचे." मला ठसका लागला. आईनं मला पाणी दिलं आणि पाठीत जरा जास्तच जोरात थोपटलं.

तिकडं वैशाली आणि मुलगा गॅलरीत पंधरा मिनिटं बोलले. पाहुणे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "दादा, यानं मला स्वयंपाक येतो का असं विचारलंच नाही. पोरांना भिंग कसं शिकवतेस ते विचारलं. आणि मी सांगितलं ते त्यानं वहीत लिहून घेतलं." मग म्हणाली, "मला इथंच जायचंय. आबांच्या घोड्यांचं काही बाहेर येऊ देऊ नकोस." माझ्या बहिणीनं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं नाही. तेवढं एक मागितलं.

होकार आला. सुपारी दसऱ्याला फोडायची ठरली. आणि इकडं घरात फोटो लागल्यापासून भलतंच सुरू होतं.

घरात मटण शिजेना.

हसू नका, कोल्हापुरात ही गंभीर बाब आहे. फोटो लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी कुकरची शिट्टीच होईना. मी गॅसकेट बदललं. दुसऱ्या रविवारी दोन तास पातेल्यात रटरटून मटण कच्चं. खाटकाशी भांडून आलो. तिसऱ्या रविवारी फोडणी घातली आणि सिलिंडर संपला. शेजारून आणला, तर शेगडी पेटेना. कोंबडीचंही तेच. आणि त्याच कुकरात, त्याच गॅसकेटवर डाळ तीन शिट्ट्यांत मऊसूत. मी डायरीत रीतसर नोंदी ठेवल्या, सात रविवार. व्हॉल्व्ह, वायसर, शेगडीचा बर्नर, सगळं तपासलं. दोष सापडेना. शिवाय रोज सकाळी हॉलमध्ये भस्माचा वास यायचा. आई म्हणायची, समोर अक्कांची पूजा चाललेली असते, तिथनं येत असेल. मी म्हटलं, असेल. मग श्रावण लागला आणि मटणाचा विषयच मिटला.

पितृपक्षात हौसाआत्यांचा फोन आला. "म्हाळ कधी हाय तुमच्यात? आम्ही दोघं जेवाय येतो. तुमच्या आजोबांच्या पाया पडतो." आबा म्हणाले, कशाला तुम्हाला त्रास. त्या म्हणाल्या, "पोरगी बघाय येताना माणसं घर रंगवत्यात. म्हाळाला कोण रंगवत न्हाय. म्हाळाला घर खरं दिसतंय."

आमच्यात म्हाळाला खीर, वडे, अळूची वडी, गवारीची भाजी. मटण नसतं. पण गेलेल्या माणसाची आवड पानात वाढावी लागते, आणि आमच्या पणजोबांची आवड आबांनी गारगोटीपर्यंत पोचवली होती. घरात शिजायची खात्री नाही. शेवटी मी एका खानावळीतून डब्यात तांबडा रस्सा आणि मटण आणलं आणि आईनं ते घरच्या वाटीत काढलं. आई म्हणाली, "मी आता गप्प बसते. वर जे कोण बसलेत ते बघून घेतील."

दुपारी साडेबाराला गच्चीवर पान ठेवलं. हौसाआत्या, मुलाचे वडील, आबा, आई आणि मी पाच पावलं मागं सरून उभे राहिलो. वैशाली खाली घरात. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, हा नियम.

एरवी आमच्या गच्चीवरचे कावळे म्हणजे दरोडेखोर. वाळत घातलेले पापड सोडायचे नाहीत. त्या दिवशी पाण्याच्या टाकीवर नऊ कावळे बसले होते. मी मोजले. नऊच्या नऊ पानाकडं बघत होते, आणि एकही पुढं येत नव्हता. एक उतरला, वाटीपर्यंत चालत गेला, वाकून बघितलं आणि परत टाकीवर जाऊन बसला.

एक वाजला. हौसाआत्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याची कायतर इच्छा ऱ्हायल्या. शब्द द्या." आबा हात जोडून म्हणाले, "आजोबा, पणतीचं लग्न थाटात करतो." कावळे ढिम्म. आईनं शब्द दिला, दरवर्षी म्हाळ चुकवणार नाही. मला पुढं ढकललं. मला काही सुचेना, मी म्हटलं, "रविवारी लवकर आंघोळ करीन." मुलाच्या वडिलांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "भूक लागलीया."

दीड वाजला. ऊन डोक्यावर. हौसाआत्यांनी पदर डोक्यावरून ओढला आणि हुकूम सोडला, "फोटो वर आणा. म्हाताऱ्याला पान दिसू दे."

मी खाली गेलो. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, कावळे आज भाव खातायत." फ्रेम काढली आणि वर घेऊन गेलो. पानाजवळ टेकवताना मागचा पुठ्ठा सुटला आणि कार्ड सरकून पालथं पडलं. मागच्या बाजूला शाईनं काहीतरी लिहिलेलं होतं. ती बाजू आम्ही कुणी बघितलीच नव्हती. निवडताना आबांनी मिशी बघितली होती.

"काय लिवलंय?" हौसाआत्या.

आबांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "मोडी हाय. आमची वंशावळ."

नेमक्या त्याच वेळी समोरच्या शिवलीलाक्का वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आल्या. त्या मूळच्या सीमेकडच्या, लिंगायत व्यापारी घरातल्या. घरात कन्नड, दुकानात मराठी. त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाल्या, "मोडी कुठलं वो? कन्नड हाय की हे."

कुणीही काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी वाचून टाकलं. "दोस्ताला प्रीतीनं. मरीबेड. म्हंजे विसरू नको." मग कार्ड सुलट केलं, डोळ्यांजवळ धरलं. "कपाळावर बघा, विभूती हाय. आणि कोटाच्या आत दोरा दिसतोय बघा गळ्यात, लिंगाचा. हे आमच्यातलं अज्जा हाय कोणतर." त्यांची नजर पानावर गेली. पानातल्या वाटीवर गेली. त्या एकदम दोन पावलं मागं सरल्या. "शिवा शिवा. ह्यास्नी तुम्ही हे वाढलाय?"

आम्ही सगळे वाटीकडं बघत राहिलो.

"आणि कावळ्याची कशाला वाट बघतासा?" अक्का पुढं म्हणाल्या, आता जरा समजावणीच्या सुरात. "आमच्यात कावळा नसतोय. आमच्यात जंगमाला, आमच्या स्वामींना, जेवू घालत्यात. हे अज्जा कावळ्याकडनं कसं येतील?"

माझ्या डोक्यात सात रविवारची डायरी उलगडत गेली. कुकर, गॅसकेट, सिलिंडर, सकाळचा भस्माचा वास. सगळं एका रांगेत बसलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

हौसाआत्या आबांकडं वळल्या. "तुमचं आजोबा लिंगायत?"

आबा कार्डाकडं बघायला लागले.

"हे तुमचं कोण?"

"कोण न्हाय," आबा म्हणाले.

"मग कुठनं आणलासा?"

"जुन्या बाजारातनं."

मुलाचे वडील हळूच म्हणाले, "म्हंजे जेवान न्हाय?"

"चला," हौसाआत्या त्यांना म्हणाल्या. "आजोबा खोटा काढणाऱ्या माणसानं पोरगीचं काय काय खोटं सांगितलं असंल." आणि त्या जिन्याकडं चालायला लागल्या. आम्ही सगळे त्यांच्या मागं. मी कार्ड हातात घेऊन, अक्का कपड्यांचा ढीग घेऊन. खाली आमच्या दारात वैशाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, जिन्यात ऐकू येतंच. ती हौसाआत्यांना म्हणाली, "आत्या, उपाशी जाऊ नका. लग्नाचं राहू दे, पण जेवून जा." मला त्या वेळी आबांचा इतका राग आला की ते कार्ड फाडून टाकावंसं वाटलं.

हौसाआत्यांनी एक चप्पल पायात घातली होती. दुसरीत पाय घालणार, तेवढ्यात खालून काठीचे घुंगरू वाजले आणि जिन्यातून एक जंगम स्वामी वर आले. भगवे कपडे, खांद्याला झोळी, कपाळभर भस्म. साठीच्या पुढचे. धापा टाकत म्हणाले, "हेच घर न्हवं? जेवायला बोलावलंय."

अक्का माझ्याकडं बघायला लागल्या, मी अक्कांकडं. कार्ड वाचून पुरती दहा मिनिटं झाली नव्हती. आणि आम्ही सगळे गच्चीवर एकत्र होतो.

"कुणी बोलावलं, स्वामी?" अक्कांनी विचारलं.

"गल्लीच्या तोंडाला एक म्हातारं उभारलं हुतं. ह्या घरात जेवायला जावा म्हणालं. जिना दाखवला."

मी पुढं झालो. मला वाटलं, आता पकडतो. कार्ड त्यांच्यासमोर धरलं. "हेच का?"

स्वामींनी बघितलं आणि मान हलवली. "छ्या. हे न्हवं. हे कोण मोठं माणूस दिसतंय. ते बारकं हुतं, काळंसावळं. डोक्याला फाटकं मुंडासं. अंगाला काकवीचा वास येत हुता. आणि डाव्या हाताची दोन बोटं न्हवती. त्याच हातानं जिना दाखवला की मला."

धप्पकन आवाज झाला. आबा जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"बोटं कंची न्हवती?" त्यांनी विचारलं.

"करंगळी आणि तिच्या शेजारचं."

आबा रडायला लागले. मी माझ्या वडिलांना तोवर रडताना बघितलेलं नव्हतं. हेडक्लार्क माणूस, रडायचं तरी अर्ज करून रडेल असं आम्ही म्हणायचो. ते त्या पायरीवर बसून, पाहुण्यांसमोर, लहान पोरासारखे हुंदके देत होते. "माझा आज्जा," ते म्हणाले. "माझा खरा आज्जा."

मग सगळं बाहेर आलं. आबांचे आजोबा दुसऱ्याच्या गुऱ्हाळात चरकात ऊस घालायला होते. एकदा हात आत गेला, दोन बोटं गेली. हात बरा झाल्यावर पुन्हा तिथंच, पुन्हा तेच काम. आबांना खांद्यावर बसवून न्यायचे, गरम गूळ पानावर काढून द्यायचे. "त्यांचा फोटो कोण काढणार? स्टुडिओच्या दारात उभं केलं नसतं त्यांना. मी कचेरीत लागलो आणि मला त्यांची लाज वाटाय लागली. कुणाला सांगितलंच न्हाय. हिलाबी न्हाय," ते आईकडं बघून म्हणाले.

आई म्हणाली, "तीस वर्षं माझ्यापासनं लपवलं ते हे? मला वाटलं, तुमच्या घरात कोण तुरुंगात हुतं."

हौसाआत्यांनी एका पायातली चप्पल काढली.

"आमच्या गुऱ्हाळावर दोघं हुती असली, बोटं गेलेली," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "आमचं घर त्या बोटांवर उभं हाय. आणि तुम्ही त्येची लाज धरून आमाला घोडी सांगितलासा?" मग भावाकडं वळून, पुन्हा नेहमीच्या आवाजात, "आपल्या म्हाताऱ्यानं जित्तेपणी कुणाला जेवाय बोलावलं न्हाई. ह्यांचं मेलेलं बोलावतंय. पोरगी ह्याच घरातली करायची. पानं मांडा, पयलं स्वामींचं."

वैशाली आत पळाली. पानं मांडायला गेली म्हणे. पाच मिनिटं नुसती भिंतीकडं तोंड करून उभी होती, मी बघितलं.

अक्कांनी आपल्या घरातला स्वयंपाक आणला आणि स्वामींना आमच्या हॉलमध्ये बसवून जेवू घातलं. कार्ड समोर ठेवलं, त्याला विभूती लावली. मुलाचे वडील अकरा वडे जेवले आणि जेवताना त्यांनी एकूण चार शब्द उच्चारले, चारही खिरीबद्दल. साडेतीनला मी गच्चीवरचं पान आणायला गेलो. खीर तशीच, वडे तसेच, भाजी तशीच. मटणाची वाटी मात्र चाटूनपुसून लख्ख. कावळ्यानं खाल्लं की मांजरानं, कुणी बघितलं नाही. आबांना दाखवलं तर ते म्हणाले, "आज्ज्याला मटण लई आवडायचं. मिळायचं न्हाई."

दसऱ्याला सुपारी फुटली, मार्गशीर्षात लग्न झालं. आज वैशाली गारगोटीत त्याच शाळेत शिकवते. अक्का म्हणाल्या होत्या, अज्जा आमच्यातलं हाय, आम्ही सांभाळतो, द्या इकडं. आबांनी दिलं नाही. "त्यांनी माझी पोरगी उजवून दिली, आता कुठं पाठवू?" म्हणाले. त्यामुळं आम्ही घरचं मटण गच्चीवर स्टोव्हवर करायला लागलो. तिथं अर्ध्या तासात शिजतं. खालच्या शेगडीवर मी पुन्हा कधी प्रयत्न केला नाही, खरं सांगायचं तर धाडस झालं नाही.

मी शोध घेतला नाही असं समजू नका. कोपऱ्यावरचे रिक्षावाले, क्लासची पोरं, पानपट्टीवाला, सगळ्यांना विचारलं. दोन बोटं नसलेला म्हातारा कुणीही बघितला नव्हता, त्या दिवशीही नाही आणि कधीच नाही. स्वामी आमच्या गल्लीत आयुष्यात पहिल्यांदा आले होते. राजारामपुरीत एका डॉक्टरांना दात दाखवायला आले होते. आबांच्या आजोबांची बोटं माझ्या आईला माहीत नव्हती, मला नव्हती, मग दात दाखवायला आलेल्या माणसाला कुठून माहीत? वैज्ञानिक उत्तर कुणाकडं असेल तर जरूर कळवा. मी खरंच वाट बघतोय.

त्या दिवशी संध्याकाळी स्वामींना गाडीवरून स्टँडवर सोडलं. एसटी लागायची होती. मी म्हटलं, "स्वामी, त्या म्हाताऱ्याचे शब्द काय होते, जसेच्या तसे सांगा." ते आठवून म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ते, मला नीट कळलंबी न्हाई. म्हणालं, 'नातवाच्या घरात भिंतीवर पावणं उपाशी हाय. माझं काय, मी कायबी खातो. त्येला चालत न्हाय. तेवढं तुम्ही जेवून या.'"

घरी येऊन मी हे आबांना सांगितलं. ते हॉलमध्ये कार्डासमोर खुर्ची टाकून बसले होते.

मग म्हणाले, "तसंच हुतं ते. घरात एकच भाकरी असली तरी आधी पावण्याला वाढायचं, आणि मी जेवलोय म्हणून सांगायचं."